शिट्टी नव्हे, वजन

कुकरच्या कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. फोरमन तिच्या नवऱ्याचा शाळेतला दोस्त. त्यानं पहिल्याच दिवशी तशी हाक मारली आणि ती जी चिकटली ती चिकटलीच. मालक तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तेही वहिनीच म्हणत.

वहिनीचं काम ऐकायचं. तयार कुकरांच्या प्रत्येक पेटीतला एक तिच्या टेबलावर यायचा. आत पाणी, खाली जाळ, वर शिट्टी, आणि समोर वहिनी कान देऊन बसलेली. शिट्टी वेळेवर आणि खणखणीत झाली की झाकणावर खडूनं बरोबरची खूण. बारा वर्षं हेच. घरी नवऱ्यानं चारदा हाक मारली तरी तिला ऐकू जायचं नाही, पण शेजारणीच्या कुकरचं रबर सैल झालंय हे भिंतीपलीकडून कळायचं.

सरकारनं बाहेरून येणाऱ्या कुकरांवर भलामोठा कर बसवला, त्या दिवशी मालकांनी केक आणला. कुकरच्या आकाराचा, वर चेरीची शिट्टी.

"आता बाहेरचा कुकर कोण घेतोय!" मालक सुरी उगारून म्हणाले. "आता घराघरात आपला माल!"

टाळ्या झाल्या. फोरमननं तोंडात केक असतानाच विचारलं, "म्हणजे आपली किंमत आहे तीच राहणार ना?"

"तीच कशी राहील? बाहेरचा एवढा महागला आणि आपण तिथेच राहिलो, तर लोक म्हणतील मालात काहीतरी खोट आहे. थोडी वाढवू."

वहिनीनं चेरी खाल्ली. गोड होती. लेकीच्या शाळेचे बूट गेल्याच आठवड्यात दीडपट झाले होते, पण आता कारखाना जोरात चालणार, कदाचित पगारही वाढेल, असं तिला त्या चेरीपुरतं वाटलं.

आता गंमत अशी की कुकरचं भांडं इथलं, झाकण इथलं, दांडा इथला, पण शिट्टी बोटीतून यायची. गावात शिट्ट्या ओतणारा एक कारखाना होता पूर्वी. बाहेरची स्वस्त पडते म्हणून मालकांनीच त्याच्याकडून घेणं बंद केलं आणि तो बसला. आता तिथे जिम आहे.

नव्या कराबरोबर नवा फॉर्मही आला. मालाचं नाव 'सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत' लिहायचं. अकाउंटंट त्या दिवशी अक्कलदाढ काढायला गेलेला. मालकांनी फॉर्म वहिनीपुढे सरकवला. "लिहून टाका. तुमचं अक्षर मोत्यासारखं."

वहिनीनं लिहिलं. मालाचं नाव : शिट्टी. नग : वीस हजार. वेलांटीसुद्धा वळणदार काढली.

कस्टमच्या साहेबांनी फॉर्म वाचला. सामान्य माणसाला कळेल असाच होता, त्यामुळे त्यांनाही कळला. शिट्टी, म्हणजे खेळणी व वाद्ये. तिथला कर तर कुकरापेक्षाही दुप्पट, कारण देशातल्या खेळणीवाल्यांनाही कुणीतरी वाचवायला नको का! वीस हजार नग बंदरावरच्या गोदामात अडकले. ती रक्कम भरायची तर शिट्टी कुकरापेक्षा महाग पडत होती.

इकडे कारखान्यात बोडक्या कुकरांच्या थप्प्या लागल्या. मालकांनी ते तसेच विकायचा प्रयत्न केला, सोबत चिठ्ठी लावून : 'शिट्टी ग्राहकाने आणावी.' एका दुकानदाराचा फोन आला. तो इतका ओरडत होता की फोन मालकांच्या कानाला आणि आवाज अख्ख्या ऑफिसात. "गिऱ्हाईक विचारतंय, वाफ काय तोंडानं काढू?"

पंधरवड्यात पॉलिशवाले सहाजण घरी बसले. वहिनीच्या टेबलावर खडू तसाच पडून राहिला. ऐकायला काही नव्हतं, म्हणून तिला भलतंच ऐकू यायला लागलं : ऑफिसात कागद उलटल्याचा आवाज, कपाटाची किल्ली, मालकांचं पेन. कामावरून काढायच्यांची यादी करतायत, तिला वाटायचं.

घरी नवरा मात्र खुशीत. त्याचं स्टो-कुकर दुरुस्तीचं दुकान. नवा कुकर परवडेना, म्हणून लोक माळ्यावरचे जुने काढून त्याच्याकडे आणत होते.

"आज सात कुकर दुरुस्त केले!" तो शर्ट काढता काढता म्हणाला.

"म्हणजे आमचे सात खपले नाहीत."

"अगं, मी काय मुद्दाम करतोय?"

"मुद्दाम नाही हो. पण एवढं पक्कं कशाला करता? जरा कच्चं ठेवा."

"मी पक्कं करतो म्हणून तर येतात. आणि येतात म्हणून काही घर भरत नाही. रबर, वॉशर, सगळं बाहेरचं. सात कुकरांत सुटलं काय, तर तिघांचा चहा. घर तुझ्या पगारावर आहे, मला काय ठाऊक नाही?"

हे त्यानं सहज म्हटलं. वहिनीनं मात्र ताटातली अर्धी पोळी परत डब्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तिला बोलावलं. समोर तोच फॉर्म. मोत्यासारखं अक्षर.

"वहिनी, हे तुम्ही काय लिहिलंत?"

"मालक, तुम्हीच म्हणालात, सामान्य माणसाला कळेल असं."

"सामान्य माणसाला! साहेबाला कळेल असं नव्हतं लिहायचं! अहो, याला धंद्यात वजन म्हणतात. वाफ दाबून धरतं ते वजन. वजन लिहिलं असतं तर सुटा भाग म्हणून फुकट सुटलं असतं." मालकांनी चष्मा काढला. "मी अर्ज केलाय. सोमवारी साहेब स्वतः येतायत, वस्तू बघायला. त्यांनी वजन लिहिलं तर माल सुटला. शिट्टी लिहिलं, तर मी हा विभाग बंद करतो. पहिलं नाव तुमचं. रागानं नाही हो. शिट्टीच नाही, तर ऐकणारीला मी कशाचा पगार देऊ?"

कारखान्यात हुकूम निघाला : आजपासून 'शिट्टी' हा शब्द बंद. जो म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. दुपारपर्यंत फोरमननं तीनदा पाजला.

"वहिनी, सोमवारी साहेबांसमोर शि… वजन वाजलं तर?"

"वजन वाजत नाही, भावजी. वजन हलतं."

"ते तुम्ही त्या वजनाला सांगा."

आणि वहिनीनं रविवारभर घरच्या कुकरपाशी बसून तेच केलं. जाळ किती ठेवला की वाफ नुसती सुसू करत निघते आणि वजन डुलतं पण किंचाळत नाही, ती जागा तिनं कानानं शोधून काढली. बटणाचा केसभर फरक. दोन किलो बटाटे शिजून गाळ झाले, पण एकदाही वाजलं नाही. नवरा चुपचाप बटाटे खात राहिला. लेक म्हणाली, "आई, रोज असंच कर ना, अभ्यास होतो."

सोमवारी साहेब आले. किडकिडीत, काखेत फाइल, बरोबर एक गोलमटोल लेखनिक. नमुन्याचा एक नग सीलबंद पाकिटातून आणलेला. वहिनीनं तो कुकरवर ठेवला, जाळ लावला आणि हात बटणावरच ठेवला.

"हे वजन, साहेब," मालक काठीनं दाखवत म्हणाले. "वाफेला दाबतं. बस्स, एवढंच त्याचं आयुष्य."

सुसू सुरू झालं. साहेबांनी मान वाकडी केली. "हा आवाज कसला?"

"वाफेचा," वहिनी म्हणाली. बटण केसभर मागे.

"वाढतोय."

"नाही साहेब, कमी होतोय." अजून केसभर.

वजन डुलत होतं. शहाण्यासारखं डुलत होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, आणि एवढ्यात फोरमनला राहवलं नाही. आपणही मदत करावी म्हणून त्यानं वहिनीच्या हातावरून हात घालून बटण मागे फिरवलं. म्हणजे त्याच्या मते मागे.

कुकर असा काही किंचाळला की छपरावरची कबुतरं उडाली. बारा वर्षांत इतकी सुरेख, लांब, दमदार शिट्टी वहिनीनं ऐकली नव्हती. तिचा हात सवयीनं खडूकडे गेला आणि अर्ध्यावर थिजला.

आणि त्या शांततेत, पलीकडच्या पॅकिंगमधून, घरोघरच्या सवयीनं कुणीतरी खड्या आवाजात ओरडलं, "एक झाली!"

"काय झाली?" साहेबांनी विचारलं.

"चूक," मालक म्हणाले. "चूक झाली, साहेब. आमच्याकडे लगेच कबूल करतात."

"मला कान आहेत," साहेब म्हणाले. "नाव शिट्टी, आवाज शिट्टीचा, आणि तुमची माणसं ती मोजतातसुद्धा. लिहा हो, खेळणी व वाद्ये."

लेखनिकाचं पेन कागदावर टेकलं. वहिनीला तो आवाज ऐकू आला, अगदी स्पष्ट. एकदा वाटलं, खाली बसावं. पण हात वेगळंच करत होते. तिनं जाळ बंद केला, वाफ जाऊ दिली, फडक्यानं वजन उचललं, नळाखाली धरून गार केलं, पुसलं आणि साहेबांसमोर धरलं.

"वाजवा, साहेब."

"काय?"

"शिट्टी आहे ना? खेळणं आहे ना? मग तोंडानं वाजवून दाखवा. वाजली तर मी माझ्या अक्षरात लिहून देते."

मालकांनी डोळे मिटून घेतले. फोरमन भिंतीकडे बघायला लागला.

साहेब चिडले असते, पण लेखनिक त्यांच्याकडे बघत होता आणि माघार घेणं बरं दिसेना. त्यांनी वजन ओठांना लावलं आणि फुंकलं.

फुस्स.

"उलटं धरलं असेल," लेखनिक म्हणाला. उलटं धरलं. फुस्स.

"द्या इकडे, मी शाळेत रेफरी होतो." लेखनिकानं गाल फुगवले, डोळे बाहेर आले, शर्टाचं एक बटण उडून कुकरवर टणकन आपटलं. आवाज झाला तो तेवढाच.

साहेबांनी पुन्हा घेतलं. आता प्रश्न कराचा राहिला नव्हता. मानेच्या शिरा ताणून, चवड्यांवर उभं राहून त्यांनी अशी फुंकर मारली की त्यांना स्वतःला चक्कर आली आणि फोरमननं खुर्ची दिली.

त्यांनी वजन टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "वाजत नाही."

"नाही, साहेब," वहिनी म्हणाली.

"जी तोंडानं वाजत नाही ती शिट्टी नाही. लिहा. वजन."

पॅकिंगमध्ये आरोळी उठली. मालकांनी फोरमनला मिठी मारली. वहिनीला रडू फुटणार एवढ्यात साहेब फाइल चाळत म्हणाले, "वजन म्हणजे वजन-मापं खात्याकडे. करमुक्त, पण अट आहे. प्रत्येक नग तोलायचा, किती भरला ते नोंदवायचं, शिक्का मारायचा. आणि काटा पूर्ण स्थिर झाल्याशिवाय नोंद करायची नाही."

"प्रत्येक?" मालक म्हणाले. "वीस हजार?"

"वजन म्हणालात ना तुम्ही?"

माल सुटला. वहिनीची नोकरी वाचली. तिच्या टेबलावरचा जाळ गेला आणि काट्याचा तराजू आला, शेजारी शिक्का आणि जाडजूड वही. तोलण्याचा खर्च मालकांनी कुकरावर चढवला, तेव्हा आपला कुकर बरोब्बर बाहेरच्या एवढा महाग झाला. पॉलिशवाले सहाजण घरीच राहिले. नवऱ्याच्या दुकानाबाहेर लोक कुकर घेऊन उभे.

पहिल्या दिवशी वहिनीनं चारशे नग तोलले. हात तिचे चलाखच. संध्याकाळी फोरमन कौतुकानं म्हणाला, "वाऽ वहिनी! या हिशेबानं पन्नास दिवसांत खलास!"

घरी जाताना ते पन्नास तिच्या डोक्यात फिरायला लागले. दुसऱ्या दिवशी तिनं मालकांना सहज विचारलं, "पुढचा माल कधी मागवायचा?"

"पुढचा? आधी हे कुकर खपू देत, वहिनी. कोण घेतंय? हे संपेपर्यंत तुमचं काम पक्कं." मालकांना वाटलं आपण धीर दिला.

त्या दिवशी तीनशे झाले. नंतर दोनशे. आठवड्याच्या शेवटी नव्वद. शिक्का उचलायचा, शाई बघायची, पुन्हा ठेवायचा. वहीत प्रत्येक आकडा मोत्यासारखा काढायचा.

मालक दोन दिवस काचेतून बघत होते. तिसऱ्या दिवशी येऊन तिच्या मागे उभे राहिले. वहिनीनं मान वळवली नाही, पण त्यांचा श्वास, बुटाचा चुळबुळता तळवा, खिशातलं पेन उघडलं-मिटलेलं, सगळं तिला ऐकू येत होतं.

"वहिनी, हात दुखतोय का?"

"नाही, मालक."

"मग हा एक नग मी आल्यापासून तराजूतच आहे."

वहिनी पुढे झुकली. तराजूतली स्प्रिंग केव्हाच गप्प झाली होती. तिच्याइतकं ते कुणाला कळणार? काटा खिळा ठोकल्यासारखा एका जागी उभा होता.

"नियम आहे ना," ती म्हणाली. "अजून हलतोय."