दमयंतीचा विस्तव

"आमच्या घरातना शेजारनीच्या दारात मागाय वाटी जायाची नाय. गिरनी चालू होव, नायतर तिच्यात वडाचा झाड उगवू दे," असं दमयंतीने अख्ख्या वाडीला सुनावलं. सुनावताना ती येसूबाईच्या पडवीत बसून येसूबाईच्याच जात्यावर नाचणी दळत होती. जातं वाटीत मावत नाही, म्हणून ते तिने हिशेबात धरलं नव्हतं.

मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू होऊन तीन महिने झाले होते. दमयंतीचा नवरा विठू आणि येसूबाईचा लवू, दोघेही वळकट्या घेऊन परतले होते आणि संगमेश्वरच्या बाजूला चिऱ्याच्या खाणीवर जात होते. वाडीने आधी चहातली साखर सोडली, मग चहा सोडला, आणि शेवटी पाळी काडेपेटीवर आली. सकाळी एकीने चूल पेटवायची, बाकीच्यांनी तिच्याकडून करवंटीतून निखारे न्यायचे. ही एकी म्हणजे येसूबाई. तिला कोणी नेमलं नव्हतं, आणि दमयंतीला तेच झोंबत होतं.

गरिबी दोन्ही घरी सारखीच. दमयंतीकडे तर डबाभर नाचणी जास्तच होती. पण बाया जायच्या येसूबाईकडे. विस्तवाच्या निमित्ताने बसायच्या, फणसाच्या आठळ्या सोलायच्या, हसायच्या. ते हसणं दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून इकडे यायचं. आपल्यालाच हसतात, असं दमयंतीला वाटे. तिचा विषयही निघत नव्हता, हे कळलं असतं तर तिला जास्त लागलं असतं.

मग तीही येसूबाईच्या आधी उठून चूल पेटवू लागली आणि दिवसभर विझू देईना. पावसाळ्यासाठी रचलेलं सरपण निम्म्यावर आलं.

"चुलीवर काय नाय, मग जालतंस कुनासाटी?" विठूने विचारलं.

"कुनाला इस्तू लागला तर."

"आनि पावसात काय जालशील? माजी हाडा?"

"ती वली हायत," दमयंती म्हणाली.

तीन आठवड्यांत एकच करवंटी आली. गंगा म्हातारीची. तिला कमी दिसायचं, ती दार चुकली होती.

आणि एका सकाळी येसूबाईच्या चुलीवर पेजेचा टोप कलंडला. चूल चिंब. दमयंतीच्या अंगणात पाच करवंट्या उभ्या राहिल्या. पाचवी खुद्द येसूबाईची.

"दमयंते, वाईच इस्तू दे गो."

या घटकेसाठी दमयंतीने एक टोमणा घोकून ठेवला होता. तो ऐन वेळी आठवेना. "वाईच कशाला? भरून न्हे. आमच्याकडं कमी हाय काय?" म्हणत तिने एकेकीला लालबुंद निखारे वेचून दिले. येसूबाईला दोन जास्तच. "फुकीत जा, नायतर वाटंत इजल," असंही सांगितलं, अगदी येसूबाई सगळ्यांना सांगायची तसं.

बाया निघाल्या. बसली कोणीच नाही. थोड्या वेळाने गडग्यावरून हसणं ऐकू आलं.

दमयंती भाकरी थापायला वळली, तर चुलीत नुसती राख. तिने फुंकणीने फुंकर घातली. राख डोळ्यांत गेली. काडेपेटी विठूच्या खिशात, विठू खाणीवर, आणि दुपारी तो भुकेला येणार.

मग करवंटी पदराखाली घेऊन येसूबाईच्या पडवीत गेली.

"येसूबाय," दमयंती म्हणाली, "त्यातला एक माजा परत दे."