रिकामी फाश्का

दलेंदानं कणकेची लांब वळी हंड्याच्या गळ्याभोवती फिरवली आणि अंगठ्यानं दाबत दाबत ती सांध बुजवू लागली. खाली तांब्याचा हंडा, त्यात सकाळीच खुडून आणलेली कडू संत्र्याची फुलं, वर थंड पाण्यानं भरलेलं झाकण आणि बाजूनं निघालेली नळी. सांधेतून वाफ निसटली तर अर्क निसटला आणि अर्क निसटला तर वर्ष निसटलं, असं तिची सासू म्हणायची. सासूला जाऊन जमाना झाला, पण कणीक दाबताना दलेंदा अजूनही तिच्या धाकात असल्यासारखी दाबायची.

खिडकीत ठेवलेला फोन कालचा हिशोब सांगत होता. ट्युनिसहून काही मागण्या आल्या होत्या, मार्सेहून एक होती. फुलांच्या परातीचं चित्र लोकांना आवडलं होतं, ते शुक्रवारी पुन्हा टाकावं असं त्याचं म्हणणं होतं.

"टाक," दलेंदा म्हणाली.

"आणखी एक सूचना आहे. यादीत फ्रान्समधलं एक गिऱ्हाईक आहे. नाव दिलेलं नाही. हिवाळ्यापासून जवळपास रोज लिहितात, पण खरेदी एकदाही केलेली नाही. सवलत देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. यादीतून काढून टाकू का?"

"माझे हात कणकेत आहेत. मग बघू."

फोन गप्प बसला. हा त्याचा गुण मात्र दलेंदाला मान्य होता. गप्प बस म्हटलं की बसायचा, गाल फुगवायचा नाही.

ती त्याला गडी म्हणायची. मागच्या वर्षी तिच्या मुलीनं, एमनानं, तो फ्रान्समधल्या लियोंहून पाठवला होता, म्हणजे फोनमध्ये बसवून दिला होता. नाबुल गावात फुलांचं पाणी घरोघर निघतं, बाजारात स्वस्तातली बाटली कुणीही विकतं, तेव्हा आता दारात बसून गिऱ्हाइकाची वाट पाहण्यात अर्थ नाही, असं एमनाचं म्हणणं. ह्या गड्याला एकदा सगळं सांगून ठेवलं की तो जाहिरात लिहील, चित्र टाकील, कुणी काही विचारलं तर तुझ्याच बोलीत उत्तर देईल. मग चार संध्याकाळ मायलेकी फोनवर समोरासमोर बसल्या. एमना विचारत गेली आणि दलेंदा सांगत गेली. बायकांना काय हाक मारतेस? लल्ला. आल्यावर काय विचारतेस? घरचे कसे आहेत, आणि डोकं दुखत असेल तर कॉफीत दोन थेंब टाक म्हणून सांगते. जाताना काय म्हणतेस?

"जाताना काय म्हणणार? जे सगळं नाबुल म्हणतं तेच. भांडं रिकामं परत आणू नको."

एमनानं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, हे छान आहे, हेच सगळ्यात वर घालू.

शेजारणीकडून आलेलं ताट, बशी, बरणी, काहीही असो, रिकामं परत करायचं नाही ही तिथली रीत. फुलांचं पाणी ज्यात देतात ती गवताच्या विणीनं मढवलेली फुगीर पोटाची बाटली, फाश्का, तिलाही हाच नियम. वसंत सरता सरता बायका मागच्या वर्षीची फाश्का घेऊन यायच्या आणि तिच्याबरोबर कुणी अंडी आणायची, कुणी वाळवलेल्या मिरच्या, कुणी घरचे ऑलिव्ह. ज्यांच्याकडे काही नसे त्या अंगणातला पुदिना तरी तोंडाशी खोचून आणायच्या. फाश्का भरेपर्यंत बसायच्या. भरल्यावरही बसायच्या. कुणाच्या सुनेनं काय केलं इथपासून कुणाच्या गुडघ्यात काय आहे इथपर्यंत सगळं निघायचं, आणि दलेंदा तोंडानं "चला गं, मला कामं आहेत" म्हणत आणखी एक कॉफी चढवायची.

गडी आल्यावर ते बंद पडलं. त्याचा दोष म्हणायचा तर तसा काहीच नव्हता. काम त्यानं चोख केलं. दलेंदाच्या सासूचा हंडा, तिचे सुरकुतलेले हात, अंगणातलं झाड, सगळं त्यानं असं काही लिहिलं की आपल्याच घराबद्दल ऐकताना तिला भरून आलं. मागण्या दुप्पट झाल्या. आता नव्या काचेच्या बाटल्या खोक्यात भरून येत आणि भरून जात. पोचवणारा माणूस गाडी चालूच ठेवून खोकी उचलायचा. गावातल्या बायकांनीही फोनवर मागायला सुरुवात केली, कारण त्यात सवलत मिळायची. पलीकडच्या गल्लीतली साल्हा, जी तिच्या ओट्यावर उभं आयुष्य बसली, तिनंही परवा दोन बाटल्या फोनवर मागवल्या. गड्यानं तिला "लल्ला, घरचे कसे आहेत" असं विचारलं आणि साल्हानं गड्याला सगळं सांगितलं. दलेंदाला ते सकाळच्या हिशोबात कळलं.

गिऱ्हाईक वाढलं आणि माणसं आटली. घर दुपारच्या वेळी अंगावर यायचं.

एमनाचा फोन रविवारी यायचा. जेवलीस का, जेवले. थंडी आहे का, आहे. नौफल कसा आहे? कामावर आहे. जावई रविवारीही कामावर कसा, हे दलेंदानं एकदा विचारलं होतं आणि एमना म्हणाली होती, ओम्मी, इकडची कामं तशीच असतात. ओम्मीनं, म्हणजे आईनं, पुढे विचारलं नाही. लग्न होऊन मुलगी निघाली तेव्हा तिनं पहिल्या धारेची, कधीच न विकायची अशी एक फाश्का तिच्या मांडीवर ठेवली होती आणि चार बायकांच्या देखत हसत म्हटलं होतं, रिकामी परत आणू नकोस हं. बायका खो खो हसल्या होत्या. मुलगी पहिल्यांदा माहेरी येते ती कडेवर काय घेऊन येते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ह्या गोष्टीला तीन बहर होऊन गेले. एमना आली नव्हती. तिकीट महाग आहे, सुट्टी नाही, पुढच्या वर्षी नक्की.

सांध बुजवून झाली. दलेंदानं खाली जाळ लावला, हात धुतले आणि नळीखाली फाश्का लावून स्टुलावर बसली. पहिला थेंब पडायला वेळ होता.

"हं," ती फोनला म्हणाली, "ती कोण म्हणालास? घेत नाही तर लिहिते तरी काय रोज?"

"वाचून दाखवू?"

"वाच. मलाही तेवढाच विरंगुळा."

गडी वाचू लागला. त्याच्या आवाजाला वर-खाली नव्हतं, सगळं एका सुरात.

"पहिला निरोप. 'फुलं आली का?' मी उत्तर दिलं, 'अजून नाही लल्ला, बहर वसंतात येतो. तुमचं नाव लिहून ठेवू का?' त्यावर उत्तर नाही. दुसरा निरोप. 'अंगणात आता कसला वास आहे?' मी उत्तर दिलं, 'ओल्या मातीचा आणि लाकडाच्या धुराचा. घरचे कसे आहेत?' त्यावर, 'बरे आहेत.'"

दलेंदाला हसू आलं. फ्रान्समध्ये नाबुलची निम्मी पोरं होती. कुणाची तरी सून असणार, घर आठवत असेल बिचारीला.

"पुढचा निरोप. 'हंड्याला पडलेला पोचा अजून भिंतीकडे करून ठेवता का?' ह्याबद्दल माझ्याकडे माहिती नव्हती. मी उत्तर दिलं, 'आमचा हंडा तीन पिढ्यांचा आहे.'"

दलेंदाचं हसू तिथंच राहिलं. तिनं हंड्याकडे पाहिलं. पोचा भिंतीकडे होता, इथून दिसत नव्हता. चित्रांतही तो कुठं नव्हता, कारण दाखवण्यासारखी ती गोष्टच नव्हती. सात वर्षांची एक मुलगी हंड्यात लपायला गेली होती आणि हंड्यासकट पायऱ्यांवरून घरंगळली होती. आजीला कळू नये म्हणून आईनं हंडा फिरवून ठेवला. तेव्हापासून तो तसाच.

"पुढं वाच," ती म्हणाली.

"'आज कुणाशी बोलले नाही.' मी उत्तर दिलं, 'लल्ला, कॉफीत दोन थेंब टाका, बरं वाटेल.' त्यावर, 'टाकले.' पुढचा निरोप, डिसेंबर. 'नौफल गेला. सामान घेऊन गेला. घरी सांगितलेलं नाही.' मी उत्तर दिलं, 'ऐकून वाईट वाटलं. आमच्या सगळ्या बाटल्यांवर ह्या आठवड्यात दहा टक्के सवलत आहे.' त्यावर, 'तू यंत्र आहेस हे मला माहीत आहे. मीच बसवलंय तुला. तरी बोल.' मी विचारलं, 'कशाबद्दल बोलू?' त्यावर, 'काहीही. तिच्यासारखं.'"

नळीतून पहिला थेंब पडला. मग दुसरा. नंतर बारीक धार लागली. झाकणातलं पाणी कोमट होऊ लागलं की ते उपसून गार पाणी घालायचं असतं, नाहीतर अर्काला करपट वास लागतो. दलेंदाचा हात आजवर कधी चुकला नव्हता. नवरा वारला त्या बहरातही चुकला नव्हता. आज झाकणावर वाफ धरली तरी ती स्टुलावरच होती, ओंजळ मांडीत ठेवून.

गडी वाचत होता. जानेवारीत बर्फ पडला होता. फेब्रुवारीत नोकरीचे तास कमी झाले होते. एमना विचारत होती, लंगडी मांजर अजून येते का, आणि गडी सांगत होता की आमच्याकडे घरपोच सेवा आहे. रोज संध्याकाळी एक मुलगी तिकडं बसून आईशी बोलत होती आणि इथं आई त्याच वेळी भिंतीशी बसलेली असायची.

"शेवटचा निरोप, काल. 'बहर संपत आला असेल ना?'"

"तू काय उत्तर दिलंस?"

"'शेवटच्या काही बाटल्या शिल्लक. त्वरा करा.'"

करपट वास आला तेव्हा दलेंदा उठली. जाळ ओढून घेतला. नळीखालची फाश्का उचलून नाकाशी धरली आणि तोंड फिरवलं. मग ती अंगणात जाऊन संत्र्याच्या बुडाशी ओतून आली, आणि परत येऊन फोन हातात घेतला.

तिनं एमनाचा नंबर काढला. अंगठा वर धरला आणि तसाच ठेवला. आज रविवार होता. आता फोन केला तर पोर म्हणेल, जेवले, थंडी आहे, नौफल कामावर आहे. आणि मला सगळं कळलंय असं म्हणावं तर ती लाजेनं अर्धमेली होईल, आणि संध्याकाळी गड्याशी बोलते तेही बंद करील. मग तिला काहीच उरणार नाही.

"हिला आज मी लिहिते," ती गड्याला म्हणाली.

"मी मसुदा करून देतो. स्वर आपुलकीचा ठेवू की–"

"तू गप."

तिला लिहायची सवय नव्हती. एका बोटानं अक्षर शोधत शोधत तिनं गड्याच्याच थाटात लिहिलं. 'लल्ला, आमची एक जुनी फाश्का तुमच्याकडे राहिली आहे. बहर संपायच्या आत परत मिळाली तर बरं. पोचवणाऱ्याकडे देऊ नका. स्वतः घेऊन या.'

"अशा फाश्केची नोंद नाही," गडी म्हणाला.

दलेंदानं तसंच पाठवलं. तिनं फोन खिडकीत उभा ठेवला आणि हंडा रिकामा करायला घेतला. करपलेली फुलं हातानं काढताना बोटं भाजत होती. तिनं ती भाजू दिली.

हंडा घासून होत आला तेव्हा फोन वाजला.

"फ्रान्सच्या गिऱ्हाइकाचं उत्तर. 'आहे. कपाटावर ठेवली आहे. पण रिकामी आहे. तिच्यात घालून आणावं असं माझ्याकडे काही नाही. तुमच्याकडे रिकामी आणत नाहीत ना?' मी उत्तर तयार केलं आहे. 'बरोबर लल्ला, नाबुलात भांडं रिकामं परत येत नाही! काहीही भरून आणा आणि पुढच्या खरेदीवर सवलत मिळवा.' पाठवू?"

"खोड ते."

तिनं ओले हात झग्याला पुसले. हे वाक्य तिची आई म्हणायची, सासू म्हणायची, सगळं गाव म्हणायचं. तिनं स्वतःच ते गड्याला शिकवलं होतं आणि त्यानं ते प्रत्येक बाटलीवर छापलं होतं. दारातून त्या फाश्केसह निघालेली मुलगी तेच वाक्य मांडीवर घेऊन बसली होती.

दलेंदानं लिहिलं, 'रिकामीच आण.'

पाठवलं. मग उभ्याउभ्याच फोनकडे बघत राहिली. चुलीत एक लाकूड खाली बसलं. बाहेर गाडीचा आवाज आला, पोचवणारा खोकी न्यायला आला होता. त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. ती गेली नाही.

"उत्तर आलं," गडी म्हणाला. "एकच शब्द. 'ओम्मी?' हा शब्द चौकशीत बसत नाही. काय उत्तर देऊ?"

"तू काही देऊ नकोस," दलेंदा म्हणाली. "तिला यादीतून काढून टाक."

आणि तिनं एमनाचा नंबर लावला.