काविळीचा रिपोर्ट

आमच्या यांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या फायलींवर त्रुटी काढल्या. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले तेव्हा लोकांनी शाल दिली, श्रीफळ दिलं, पण त्रुटी काढायची सवय काही काढून घेतली नाही. ती हे घरी घेऊन आले. सुरुवातीला माझ्या वरणात, पोळ्यांत, धुण्यात त्रुटी निघाल्या. मग आमच्या स्वानंदने पुण्याहून यांना कॅमेरा पाठवला आणि माझी अर्धी सुटका झाली.

कॅमेऱ्यामागून ग्रुप आलाच. 'नजर, हिंगोली' हा व्हॉट्सॲप ग्रुप यांनीच काढला. जिल्ह्यातले हौशी फोटोवाले त्यात जमले. कुणी मास्तर, कुणी मेडिकलवाले, आणि साखरा गावचे तातेराव, जे शेती सांभाळून पाखरांचे फोटो काढतात. सभासदांचा आकडा बरा दिसावा म्हणून माझाही नंबर त्यात टाकला. मला फोटोतलं काही कळत नाही, हे यांनी पहिल्याच दिवशी सर्वांना लिहून कळवलं. त्यामुळे मला कधी मत द्यावं लागलं नाही, बघायला मात्र सगळं मिळालं.

सकाळी लोकांनी फोटो टाकायचे आणि व्यंकटराव सरांनी ते तपासायचे, अशी रीत. हे चहा घेऊन, चष्मा पुसून बसत आणि कचेरीच्या भाषेत शेरा लिहीत. "क्षितिज डावीकडे कलले आहे. बगळ्याचे पाय कापले गेले आहेत. त्रुटीपूर्तता करून फोटो पुन्हा सादर करावा." लोक खरोखर क्षितिज सरळ करून पुन्हा सादर करत. 'वा, छान' लिहायला बंदी होती. एकाने कौतुकाचा अंगठा टाकला तर त्याला ताकीद मिळाली. तुम्हाला वाटेल, लोक वैतागून निघून गेले असतील. उलट गर्दी वाढली. सरांनी झोडपलं नाही की माणसं दिवसभर बेचैन. तातेराव तर फोन करायचे, "सर, माझ्या पोपटाला काहीच बोलले न्हाई तुमी. काही चुकलं काय?"

पुढेपुढे सगळ्या त्रुटी मागे पडल्या आणि एकच उरली. "पिवळा फार झालाय." बगळा पिवळा, देवळाचा चुना पिवळा, नवरीचा शालू पिवळा. घरातही तेच. दूध पिवळं दिसतं म्हणून दूधवाल्याशी भांडण झालं. वरणात हळद फार म्हणून मी हळद कमी करत गेले, शेवटी वरण पांढरंफटक झालं तरी यांचं "अगं, किती हळद!" चालूच. शर्ट पिवळे पडलेत, नीळ घाल, म्हणाले. घातली. अजून घाल, म्हणाले. अजून घातली. आमचे हे पांढरे शर्ट म्हणून गावभर आकाशी शर्टांत फिरू लागले, आणि मी शेजारणींना सांगू लागले की हल्ली यांना रंगाची आवड झाली आहे. वयाबरोबर खोड वाढली, एवढंच मी धरून चालले.

स्वतःच्या फोटोंवर हे कॉम्प्युटरवर तासन्‌तास बसत आणि पिवळा उपसून काढत. लोकांना वाटलं, ही सरांची शैली. तातेरावांनी तिला 'सर टच' असं नाव दिलं. मग सगळ्यांनीच आपापल्या फोटोंना नीळ घालायला सुरुवात केली, म्हणजे शेरा तरी चुकेल. हट्टा गावी काढलेला यांचा हळदीच्या ढिगाचा फोटो एका स्पर्धेत पहिला आला. तो आम्ही मोठा करून बैठकीत लावला. येणारे त्याच्यासमोर मान तिरपी करून उभे राहत आणि म्हणत, "काय खोली आहे, सर!"

एकटा सादिक तेवढा ऐकेना. कुरुंद्याला त्याचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि हंगामात तो हळदीच्या खळ्यांवर कॅमेरा घेऊन हिंडतो. यांनी "पिवळा फार झालाय" लिहिलं की तो उलट लिहायचा, "सर, हळद हाय ती. पिवळीच राहते." त्याच्या या उत्तरावर एकदा ग्रुपभर हसू उसळलं. त्या दिवशी यांना जेवण गेलं नाही.

त्यानंतर सादिकने आपल्या आईचा फोटो टाकला. मलिकाबी हळकुंडांच्या ढिगाशेजारी निवडायला बसल्या आहेत आणि कुणीतरी हाक मारावी तसं वर बघताहेत. मला तो फार आवडला. यांनी लिहिलं, "हा फोटो नव्हे, काविळीचा रिपोर्ट आहे."

झालं! ग्रुपला खेळणंच मिळालं. जो तो सादिकला विचारू लागला, अम्मीची तब्येत कशी आहे, उसाचा रस देता की नाही. सादिकने फोटो काढून टाकला आणि ग्रुप सोडला. मला यांचा संताप आला. मी म्हटलं, "कुणाच्या आईवर असं बोलतात का?" हे म्हणाले, "मी आईवर कुठं बोललो? मी रंगावर बोललो, व्हाइट बॅलन्सवर." असल्या माणसाशी काय भांडणार?

आठवड्याच्या आत सादिकने आपला ग्रुप काढला. 'खरी नजर, हिंगोली'. मग इकडच्या फोटोंची तिकडे चिरफाड आणि तिकडच्यांची इकडे. निम्मे लोक चोरून दोन्हीकडे होते. तातेराव दोन्हीकडे होते आणि दोन्हीकडे मार खाऊन सुखात होते. सादिक यांच्याहून कडक झाला आहे, अशी बातमी त्यांनीच आणली. तिकडे म्हणे चुकलेला फोटो दुरुस्त करायलाही परवानगी नाही, सरळ हकालपट्टी.

यंदा दिवाळीला स्वानंद आला तेव्हा हे एका मास्तरांच्या चंद्राच्या फोटोवर शेरा लिहीत होते, "चंद्राभोवती अनावश्यक कडे दिसते." स्वानंद म्हणाला, "बाबा, कडं कुठाय?" हे म्हणाले, "डोळे फुटलेत काय तुझे?" पोराने वाद घातला नाही, सकाळी रिक्षा बोलावली आणि यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, तोही चांगला मुरलेला. डॉक्टर म्हणाले, तीन वर्षं तरी या माणसाला पांढरं पांढरं दिसलेलं नाही. उजव्याचं ऑपरेशन आधी करायचं ठरलं.

पट्टी निघाल्यावर घरी आले, ते दारातच थबकले. दोरीवर शर्ट वाळत होते.

"हे कुणाचे?"

"तुमचे."

"मी काय बँडवाला आहे?"

हे उत्तराला न थांबताच आत आले, बैठकीतल्या फोटोसमोर उभे राहिले. काळा चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"वासंती, हा सिमेंटचा ढीग इथं कुणी लावला?"

खरं सांगते, मला आधी हसू आलं. तीन वर्षांचं पांढरं वरण आठवलं आणि हसू आवरेना. पण हे खुर्चीत बसले आणि एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, त्या फोटोकडे बघत राहिले. डाव्या डोळ्याने ती हळद होती, उजव्याने सिमेंट. हा खेळ त्यांनी इतका वेळ केला की माझं हसू आपोआप विझलं. मग म्हणाले, "सादिकचा तो फोटो कसा होता गं?"

तो आता कुठे मिळणार? सादिकने कधीच पुसला होता. पण माझ्या मोबाईलमध्ये फोटो आपोआप उतरतात आणि पुसायचे कसे ते मला येत नाही. शोधून मलिकाबींना यांच्यासमोर धरलं. यांनी उजव्या डोळ्याने पाहिलं. हळद होती, हळदीसारखी. मलिकाबींच्या बोटांवर, बांगड्यांवर, नाकाच्या शेंड्यावरही तिचा भुगा होता.

"अगं, ही बाई हसून राहिली," हे म्हणाले. "मला हसणं दिसलंच नव्हतं."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

यांनी त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं. मोजकं आणि स्पष्ट, कचेरीत शिकले तसं. मला मोतीबिंदू होता, पिवळ्याबाबतचे माझे सर्व शेरे चुकीचे होते, ते रद्द समजावेत, सादिक यांचा फोटो निर्दोष होता, त्यांची मी माफी मागतो. मला यांचा अभिमान वाटला. मग उत्तरं येऊ लागली. "सर, काय प्रतीक वापरलंत!" "प्रत्येकाच्या आत एक मोतीबिंदू असतो, सर." तातेरावांनी लिहिलं, "सर, असा टोला आजवर कुनी हाणला न्हाई. सादिक आता उठत न्हाई." 'खरी नजर'मध्ये या मजकुराचा फोटो फिरला आणि तिथे ठरलं की व्यंकटरावांनी आता उपरोध सुरू केला आहे. यांनी पुन्हा लिहिलं, की ऑपरेशन खरोखर झालं आहे, पट्टी असतानाचा फोटो सोबत जोडला आहे. त्यावर एका मास्तरांनी शेरा मारला, "पट्टी जरा पिवळी वाटते, सर."

"मी सादिकच्या घरी जातो," हे म्हणाले. "त्याचा फोटो त्याला परत देतो. त्याच्यापुरतं तरी नीट झालं पाहिजे." बाकी कुणी काही समजो, ते एवढंच बोलत राहिले. मी सोबत निघाले, कारण फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता आणि मोबाईल मी कुणाला देत नाही.

कुरुंद्याला सादिकने आम्हाला दुकानातून घरी नेलं. अदबीने वागला, खुर्च्या पुसून दिल्या, पण यांच्या डोळ्याला डोळा देईना. मलिकाबी स्वतः चहा घेऊन आल्या. समोरच्या भिंतीवर त्यांचा तोच फोटो चौकटीत लावलेला होता. म्हणजे तोच, पण दुरुस्त केलेला. हळद राखेसारखी, चेहरा निळसर. कावीळ बरी करताना पोराने आईच्या अंगातलं रक्तही काढून घेतलं होतं.

"सादिक, मी चुकलो," हे म्हणाले. "माझे डोळे खराब होते. तुझा फोटो बरोबर होता रे. उगीच बोललो तुला, आईवरून बोललो."

सादिक म्हणाला, "सर, तुमी मोठे हाव म्हणून असं बोलून राहिले. लई राग आला व्हता मला तवा. पन तुमी बोलले म्हणूनच शिकलो. एकेक फोटो धुऊन काढला. आता आमच्या ग्रुपात एक बी पिवळा फोटो टिकत न्हाई." आणि त्याने आपला मोबाईल पुढे केला. खळी निळी, बायका निळ्या, उन्हं निळी. यांनी आमच्या बैठकीत टांगलेलं सिमेंट इथे पोत्यांनी भरलेलं होतं.

"अरे बाबा, ते सगळं सोड," हे काकुळतीला आले. "वासंती, दाखव त्याला."

मी मोबाईल काढला. मलिकाबी जवळ होत्या, त्यांनीच आधी घेतला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि फोटोत हसत होत्या तशाच हसल्या.

"ये मैं है," त्या म्हणाल्या. मग भिंतीकडे बोट केलं. "उसमें तो बीमार दिखती. सादिक, वो निकाल, ये लगा."

सादिकने मोबाईल हातात घेतला. हे खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. निकालाला आलेल्या लेकरासारखे त्याच्या तोंडाकडे बघत होते. सादिक बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काही हललं, निदान मला तरी तसं वाटलं. मग त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, कोपरे तपासले, आणि हे फोटो तपासताना हलवतात तशी मान हलवली.

"अम्मी," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "ये फोटो नहीं, काविळीचा रिपोर्ट है."

मलिकाबींना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली बघितलं. यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग काळा चष्मा चढवला आणि अगदी हळू, विनवल्यासारखं म्हणाले, "सादिक, एकदा डोळे तपासून घे रे."

"परवाच तपासले, सर, लायसनसाठी," सादिक म्हणाला. "एकदम बराबर हायत. नंबर बी न्हाई."