दोऱ्यानं कापलेली कड

हे मी लिहिणारच नव्हतो. अनुप माझा दोस्त आहे. त्याला आवडेल की नाही, या विचारानं दोनदा लिहून खोडलं.

वासुदेवरावांनी माझ्या टेबलावरचं नाणं उचललं, तेव्हा भंडाऱ्याच्या त्या हॉलमध्ये चांगली गर्दी होती. नाण्यांचं प्रदर्शन त्यांनीच भरवलेलं. माझी अकरा रोमन नाणी, सगळी काशाची, सगळ्यांवर बायाच. एका बाजूला महाराणी, दुसऱ्या बाजूला देवी. मी मोहाडीत मोबाईल दुरुस्त करतो. त्या दुरुस्तीच्याच भिंगातून एकेक अक्षर लावत त्यांची नावं वाचायला शिकलो. हे नाणं फॉस्टिना महाराणीचं. मागं हातात कणसं धरलेली सेरेस, धान्याची देवी.

"हे काहून ठेवलं रे? भोक पडलं आहे, राणीचं नाक घासलं आहे. काढ."

"सर, भोक नीट पाहा. गोल नाही, वरच्या अंगानं लांबलं आहे. दोऱ्यानं कापलं ते. एकदोन वर्षांत नाही होत असं. मायनं गळ्यात घालावं, मंग पोरीनं घालावं, तवा होते. आन् राणी घासली, देवी नाही. म्हणजे राणी छातीकडं होती, देवी लोकायकडं."

त्यांनी नाणं उजेडात धरलं. पाच-सात माणसं जवळ सरकली. त्यात अनुप होता, सोबत त्याच्या बँकेतले दोघं.

"कोणत्या पुस्तकात वाचलं?"

खरं सांगतो, 'माझंच डोकं' म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

हे सांगितलं होतं अनुपच्या आईनं. ती मोहाडीच्या बाजारात खाली चटई टाकून बसते, बायांच्या गळ्यातल्या मण्यांच्या पोती ओवून देते. नाणं हातात दिलं तर तिनं आधी नखानं भोकाची कड चाचपली. राणीकडे नंतर पाहिलं. पण आई बाजारात बसते हे अनुपनं बँकेत कोणाला कळू दिलं नव्हतं. म्हणून त्या नाण्याचं माहितीचं कार्ड मी कोरंच ठेवलं होतं.

"पुस्तकात नाही सर. मोहाडीच्या बाजारात एक बाई पोती ओवते. तिनं सांगितलं."

बँकेतला एक हसला. "बाजारवाली आता रोमचा इतिहास सांगून राहिली का?"

वासुदेवराव हसले नाहीत. त्यांनी कोरं कार्ड पुढं ओढलं, पेन काढला.

"चाळीस वर्षं झाली नाणी पाहून राहिलो. भोक दिसलं की बाजूले टाकत आलो. नाव सांग त्या बाईचं."

मी अनुपकडे पाहिलं नाही. टेबलावरचं भिंग पुसत बसलो.

"पार्वताबाई गजभिये," मागून आवाज आला. "लिहा सर. माही आई आहे."

गर्दी पांगली तरी अनुप कार्डापाशीच उभा होता. शाई वाळली का, ते त्यानं बोटानं पाहिलं.

"उद्या आणतो तिले," तो म्हणाला. "तिले वाचता नाही येत. तू वाचून दाखवजो. माह्यानं नाही होणार."

"वाचीन," मी म्हटलं. "अख्ख्या हॉलले ऐकू जाईन असं वाचीन."