दोन बोटांची फट

मी एक जुनी झडप आहे, मित्रांनो. चौथीच्या वर्गात फळ्याच्या वर, छताला लागून जी आडवी काच दिसते ना, तीच. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. मी आहेच उंचावर, आणि सांगण्यासारखं माझ्याजवळ फारसं आहे की नाही, कोण जाणे.

सुतारानं मला चौकटीत बसवलं, खाली दोरी सोडली. दोरी ओढली की मी उघडायची. कित्येक वर्षं मी वर्गातली कोंदट हवा बाहेर सोडली. "आता बरं वाटतंय," असं एखादं मूल म्हणायचं. मला तेवढं पुरे होतं.

एका हिवाळ्यात मात्र दोरी अडकली आणि आठवडाभर मी सताड उघडी राहिले. गारठलेल्या बोटांत मुलांना पेन्सिल धरवेना. मग नव्या बाईंनी मला कशीबशी बंद केली आणि फटींवर कागद चिकटवले. वाईट वाटलं, पण त्यांचं तरी काय चुकलं?

वर्ग उबदार झाला. पण तिसऱ्या तासाला शिंप्याची मुलगी बाकावर डोकं टेकू लागली.

"झोपायला येतेस का गं शाळेत?" बाई रागवायच्या. मुलं तिला 'पेंगूताई' म्हणू लागली. शेवटी बाईंनी तिच्या वडिलांना वर्गात बोलावलं.

"हिला पुन्हा तिसरीत बसवावं म्हणते."

"घरी मशीनच्या खडखडाटात पाढे घोकते हो, बाई," शिंपी कसाबसा म्हणाला. मुलीनं त्याचा सदरा घट्ट धरला होता.

तेवढ्यात सूचनेची वही घेऊन शिपाईमामा आले आणि दारातच थबकले.

"वर्ग आहे की कपड्यांची पेटी? केवढं कोंदलंय!"

"थंडी आहे ना, मामा."

"मग ती वरची झडप सगळी नका उघडू. दोन बोटं उघडा. मधल्या सुट्टीत पोरं बाहेर गेली, की पूर्ण."

"बाई, तुम्हीपण जांभया देता! हजेरीच्या आड!" पहिल्या बाकावरून आवाज आला. वर्ग खो खो हसला. बाईही लाजून हसल्या.

मामांनी स्टुलावर चढून कागद सोलले, दोरी मोकळी केली आणि बरोबर दोन बोटांवर गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्याच तासाला, बाईंनी शिंप्याच्या मुलीला सतराचा पाढा विचारला. तिनं तो एका दमात म्हटला. बाई तिच्या बाकाशी गेल्या.

"चुकलंच माझं, बाळ. तिसरीत बिसरीत कुठं जायचं नाही."

मित्रांनो, उपदेश मला जमत नाही. वर्गात कुणी डोकं टेकवलं, तर हसण्याआधी एकदा मान वर करून बघा. माझ्यासारखीच एखादी तिथं मिटून बसलेली असेल.