उसन्या मुली

"मान हलवू नको गं, येणी वाकडी हुतीया!" आई ओरडली.

पण मालूला कुठला दम! तिचे पाय केव्हाचे उंबऱ्याकडे ओढत होते. आज शाळा तपासायला डिपोटीसाहेब येणार होते. पट कमी दिसला तर वरचा वर्ग बंद; म्हणून निपाणीजवळच्या त्या गावात एका दिवसापुरत्या घराघरांतून मुली उसन्या आणायची रीतच पडली होती. विरजण न्यावे, तशा! साहेबांचा टांगा वेशीबाहेर पडला, की मुली पुन्हा चुलीपाशी, नाहीतर तंबाखूच्या वखारीत.

"डिपोटी गेला की सरळ वखारीत यायचं," तिचा बाप भरमा म्हणाला. "शिकून काय मामलेदारीण हुनार हाईस?"

चौथी पास झालेली मालू तेव्हापासून वखारीत शिंकत होती. तिला शाळा हवी होती, खरीखुरी, रोजची.

शाळेत दत्तोपंत मास्तरांनी हळूच सांगितले, "मालू, तुझं नाव पटावर नाही. बाळाबाईचं आलं की तू 'हजर' म्हण. जास्ती बोलू नकोस."

बाळाबाई म्हणजे बाळी, मालूची जिवाभावाची मैत्रीण. तेराव्या वर्षी लग्न झाले, आणि पहिल्याच बाळंतपणात गेली. बाळी मातीआड झाली, तरी तिचे नाव अजून शिकतच होते!

साहेब आले. मास्तर पट वाचू लागले.

"बाळाबाई रवळू."

शेजारणीने मालूला चिमटा काढला, "म्हण की गं!"

मालू उभी राहिली. "बाळी न्हाय, सायेब. ती बाळंतपणात मेली. मी भरमाची मालू. आजच्यापुरती आणलीया मला. पर मला रोज यायचं हाय."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर अंगणातल्या लिंबाकडे बघत राहिले. साहेब उठले आणि टांग्यात जाऊन बसले.

"वर्ग बुडवलास गं!" मास्तर कडाडले.

"उसन्या पोरींवर किती दीस तगला आसता, मास्तर? खऱ्या आणूया की!"

मालू वखारीत गेलीच नाही. ती धावत सुटली ती थेट बाळीच्या घरी. बाळीची आई नागुबाई धाकट्या जयाला लुगडे नेसवत होती. जयाला बघायला पाहुणे येणार होते. मालूने धापा टाकतच सगळे सांगितले.

"माझ्या बाळीचं नाव घेत्यात तिथं?" नागुबाईच्या हातातून निऱ्या सुटल्या.

"घेत्यात, मावशी. मी हजर म्हटलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरमा गल्लीच्या तोंडाशी वाट अडवून उभा होता. "वखार हिकडं हाय, मालू!"

तोच मागून नागुबाई आली, जयाचा हात धरून. "भावजी, वाट सोडा. माझी एक लेक घालवून बसलीया मी. ही शाळंला चाललीया. तुमची हिच्या सोबतीला हाय."

भरमा हलला नाही. पण त्याच्या बाजूने दोघी पोरी सटकन पुढे निघाल्या, तेव्हा त्याने हातही आडवा घातला नाही.

शाळेत मास्तरांनी बाळाबाईच्या नावावर काट मारली. मग त्यांनी खाली दोन नावे लिहिली.

"हजर!" जया एवढ्या मोठ्याने ओरडली, की कौलांवरची पाखरे उडाली.

वाचकहो, तुमच्याही गावात डिपोटी येत असतील. त्या दिवशी कुणाच्या नावाला कोण 'हजर' म्हणते, ते एकदा दाराशी उभे राहून ऐका.