मशीन तापायला पाऊण तास

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा पंचक्रोशीतली माणसं तो बघायला लोटली होती. चार महिन्यांनी त्याला गोदामात टाकायला निघाली तीही हीच माणसं. मधल्या काळात त्याच्यापुढे बसत होते मी. पंचशीला ओव्हाळ, गाव ईट, सोलापुरात सहा महिन्यांचा कोर्स केलेली आणि कारखान्याच्या शेतकी खात्यात तीन महिन्यांच्या बोलीवर लागलेली. ती बोली आता संपत आली होती.

साल सत्त्याऐंशी. शिवारलक्ष्मी सहकारी साखर कारखाना नावाला लक्ष्मीचा, पण लागोपाठ दुसरं वर्ष पाऊस नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते, ऊस उभ्या जागी वाळत होता आणि प्रत्येकाला आपलाच फड आधी तोडून हवा होता. कॉम्प्युटर आणला तो त्यासाठीच. ज्यानं आधी लागण केली त्याचा ऊस आधी तुटणार, त्यात वशिला चालणार नाही. मशीननं लागणीच्या तारखेप्रमाणे यादी छापायची आणि सकाळी सातला ती ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांच्या हातात पडायची. रात्रीतून कोणता फड संपला ते सकाळीच कळायचं, म्हणून यादी आदल्या दिवशी करून ठेवता येत नसे.

आणि हे मशीन सुरू व्हायला पाऊण तास घ्यायचं! लाईट यायची सहाला. मशीन जागं व्हायचं पावणेसातला. पुढं नोंदी भरून यादी छापायला अर्धा तास. सव्वासातला मी यादी घेऊन पळत फाटकाशी जायची, तोवर बैलगाड्यांची धूळसुद्धा खाली बसलेली असायची. यादी नाही म्हटल्यावर ज्याचा आवाज मोठा त्याच्या फडात गाड्या जायच्या. वर मुकादम म्हणायचे, "बाईचं मशीन झोपलंय अजून." बाईचं! जसं काही मी ते हुंड्यात आणलं होतं.

मशीन सुरू करायची रीत हेडक्लार्क शरणबसप्पा अण्णांनी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावली होती. 'प्रथम खोका चालू करणे. पाऊण तास तापू देणे. नंतर पडदा चालू करणे.' अण्णा माणूस सरळ, तीस वर्षं नोकरीत, पण एकदा पुठ्ठ्यावर लिहिलं की ते त्यांना दगडावर कोरल्यासारखं वाटे. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी खोका आणि पडदा एकदम लावल्यावर स्टॅबिलायझर खटकन बसला होता. तेव्हापासून ते पडद्याची वायर काढून ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवत आणि पावणेसातला स्वतःच्या हातानं लावत.

"अण्णा, इतका वेळ लागत नसतो हो," मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "सोलापुरात मिनिटात सुरू व्हायचं."

"तिथली लाईट येगळी," अण्णा म्हणाले. "आन् डिझेल इंजिन तरी लगीच ओढतंय का? तापू द्यावं लागतंय. पुण्याच्या इंजिनेरानंच सांगितलंय मला, पाऊण तास लागतो म्हणून."

पुण्याच्या इंजिनियरनं सांगितलं म्हटल्यावर मी काय बोलणार? तरी मी गप्प बसले नाही. खोका उघडून ब्रशनं धूळ काढली. वायरी काढून पुसून परत बसवल्या. पंखा बंद करून पाहिला, छपाईचं यंत्र सोडवून पाहिलं. पुण्याला दोन पत्रं टाकली, त्यांची उत्तरं आली नाहीत. ट्रंक कॉल लावला तर इंजिनियर साहेब दुसरी नोकरी धरून गेले होते. मशीन काही ऐकेना. खोका आपला पाऊण तास घुरघुरायचा आणि मधूनमधून 'टिट' करायचा.

"हे टिट कशाचं हो, अण्णा?"

"पाणी तापताना भांडं वाजतंय का न्हाय? तसंच."

शनिवारी चेअरमन आबाराव साहेब स्वतः आमच्या खोलीत आले. आवाज कधी चढवायचे नाहीत, म्हणून जास्त भीती वाटायची. खुर्चीवर न बसता त्यांनी मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाई, संचालक मंडळी रोज माझ्या कानाशी हायेत. म्हणत्यात, वहीच बरी होती. सोमवारी सातला यादी मुकादमाच्या हातात पडली तर ठीक. न्हाईतर हे गोदामात जाईल, आन् मग तुमालाही इथं काही काम राहनार न्हाय."

ते गेले आणि मला आधी माय आठवली. माझी माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. तिनं सगळ्या कामावरच्या बायांना सांगून ठेवलं होतं की लेक मशीनवर बसते. आता तिनं काय सांगायचं, मशीन तापलं नाही म्हणून लेक घरी आली? मला रडू येत होतं, त्याहून जास्त राग येत होता. लाईट होतीच, पण अण्णा पडद्याची वायर कुलपात ठेवून घरी गेले होते. मी खोका बंद केला, परत चालू केला आणि घड्याळ काढून समोर ठेवलं.

टिट. दोन मिनिटं. टिट. दोन मिनिटं. टिट.

मी कागदावर रेघा ओढत गेले. एकही टिट मागंपुढं नाही. चव्वेचाळीस मिनिटांत बरोबर बावीस टिट, आणि मग शांत. इतकं घड्याळ लावून कुठलं भांडं तापतं? मशीन तापत नव्हतं, ते काहीतरी करत होतं! दोन-दोन मिनिटांचं, बावीस वेळा. आणि काय करतंय ते दिसायची एकच जागा होती, पडदा, आणि त्याच वेळात आम्ही तो बंद ठेवत होतो.

रविवारी अण्णा घरच्यांना घेऊन तुळजापूरला दर्शनाला गेले. ड्रॉवरची किल्ली शिपाई बब्रुवानमामांकडे होती. मामा पन्नाशीचे, सडसडीत, डोक्यावर कायम टोपी. मी दुपारीच ऑफिसात पोचले.

"मामा, किल्ली द्या."

"अण्णानं सांगितलंय, कुनाला द्याची न्हाय."

"उद्या हे मशीन गोदामात जानारंय. डोक्यावर कुनाला न्यावं लागंल?"

मामांनी जरा विचार केला आणि किल्ली काढून दिली. मशीनचं वजन त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ते आलं त्या दिवशी जीप पाहुण्यांना आणायला गेली होती, म्हणून फाट्यापासून कारखान्यापर्यंतची वाट मामांनी ते खोकं डोक्यावर तोलत तुडवली होती.

स्टॅबिलायझरवरचा भार कमी व्हावा म्हणून मी पंखा बंद केला, ट्यूबलाईट घालवल्या, छपाईचं यंत्र सोडवलं आणि खोका न् पडदा एकदम लावले. स्टॅबिलायझरचा काटा थरथरला. काटा जागेवर आला.

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. भोवती फुल्याफुल्यांचा गोल हार, आणि हाराच्या मधोमध इंग्रजी लिपीत लिहिलेलं: 'माननीय चेअरमन श्री. आबाराव साहेब यांचं हार्दिक स्वागत.'

मी बघतच राहिले. दोन मिनिटं झाली. टिट! हार पुसला, नवा हार विणला गेला. 'माननीय व्हाइस चेअरमन.' टिट! मग 'माननीय संचालक श्री. बलभीम.' टिट! मग पुढचे, मग त्याच्या पुढचे.

"अगं बाई!" मी खुर्चीवरून उठलेच. "मामा, हे सत्कार करतंय! रोज सकाळी, अंधारात, सगळ्या संचालक मंडळाचा सत्कार करतंय हो!"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा उलगडा झाला. उद्घाटनाला एकेका संचालकाला हार घालून फोटो काढायचा होता. एका हाराला दोन मिनिटं धरून त्या इंजिनियरनं तशी फाईल केली आणि मशीन सुरू झालं की ती आपोआप चालेल अशी लावून दिली. जाताना त्यानं अण्णांना बजावलं असणार की हिच्यामुळं पाऊण तास लागतो, नंतर काढून टाका. अण्णांनी त्यातला पाऊण तास तेवढा ध्यानात ठेवला होता.

पण संचालक एकवीस, आणि टिट बावीस. मी शेवटपर्यंत थांबले. एकविसावा हार पुसला आणि बाविसावा आला. तेवढाच मोठा, एक फुलीही कमी नाही. मधे लिहिलं होतं: 'श्री. बब्रुवान. यांनी मला फाट्यावरून डोक्यावर आणलं.'

"मामा, इकडं या. तुमचं नाव आहे."

"कशाला चेष्टा करती गं पोरी?"

मी अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं. उद्घाटनाच्या दिवशी शेवटचा हार आला असेल तेव्हा पाहुणे पंगतीला बसले होते आणि मामा वाढत होते. मामांनी डोक्यावरची टोपी नीट केली. टिट झालं, तरी ते पडद्याकडं बघत उभेच राहिले.

आता काम सोपं होतं आणि अवघडही होतं. फाईल काढायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण एकवीस संचालकांची नावं! मी बोलीवरची कारकून. ओव्हाळाच्या पोरीनं संचालकांची नावं पुसली ही बातमी ईटपर्यंत पोचायला एस.टी.सुद्धा लागली नसती. अण्णा असते तर म्हणाले असते, आधी ठराव करा, सूचक कोण, अनुमोदक कोण. बैठक गुरुवारी होती आणि माझी मुदत सोमवारी सातला संपत होती.

मी सगळ्या नावांची एका फ्लॉपीवर नक्कल करून घेतली. मग एकवीसच्या एकवीस ओळी काढल्या. बाविसाव्या ओळीवर बोट थांबलं. मामा दारात पाठमोरे उभे होते. दोन मिनिटांचे मी दोन सेकंद केले आणि ती ओळ राहू दिली.

सोमवारी सहाला लाईट आली. हार, मामांचं नाव, टिट, आणि मशीन तयार! सहा वाजून एक मिनिट! मी वजनकाट्यावरून आलेल्या नोंदी भरायला लागले. माझी बोटं थांबायला तयार नव्हती. तेवढ्यात अण्णा आले आणि उजेडलेला पडदा बघून दारातच थबकले.

"कुनी लावला पडदा? तापलं का ते?"

मी काम करता करताच त्यांना सगळं सांगितलं. अण्णा आधी लाल झाले, मग पांढरे. "संचालकांची नावं काढलीस? ठराव न करता? अगं, म्या चार महिने रोज सकाळी इथं बसतोय आन्..." ते आपल्याच पुठ्ठ्याकडं बघत खाली बसले.

साडेसहाला छपाईचं यंत्र करकरायला लागलं. सहा पस्तीसला यादी माझ्या हातात आली, कागद अजून कोमट होता. मी वळले तर दारात आबाराव साहेब उभे, मागं दोन मुकादम.

"झाली?" साहेबांनी घड्याळ बघितलं. "कसं काय झाली?"

अण्णा म्हणाले, "साहेब, माझी चूक..." पण मी मधेच बोलले. एकदा बंद करून पुन्हा लावून दाखवलं. हार, मामांचं नाव, टिट. साहेब वाकून वाचत होते.

"आधी माझं नाव होतं म्हनता इथं?"

"व्हय साहेब. सगळ्यांचीच होती. रोज पाऊण तास त्यातच जात होता. टाकली न्हाईत, या फ्लॉपीत ठेवलीत जपून."

"आन् हेचं तेवढं ठेवलं."

"मशीन त्यांनीच आणलं, साहेब," मी म्हणाले.

साहेबांनी हात पुढं केला, पण फ्लॉपीसाठी नाही, यादीसाठी. चष्मा लावून पहिल्या पानावरून बोट खाली नेलं. दुसरं पान उलटलं, मग तिसरं. मुकादम एकमेकांकडं बघायला लागले.

"माझा फड कुठाय?"

"एकशे त्रेसष्टावा, साहेब. लागण उशिरा झालीय तुमची."

"तवर वाळंल की."

काहीही बोलून वेळ मारून नेता आली असती. पण मशीननं छापलं होतं ते खरं होतं, आणि ते खरं असावं म्हणूनच त्याला आणलं होतं.

"व्हय साहेब," मी म्हणाले. "वाळंल."

साहेबांनी यादीची घडी केली आणि मुकादमाच्या हातात दिली. "ह्याच्याबाहेर गाडी गेली तर मला सांगायचं. माझ्या फडात गेली तरी सांगायचं." मग अण्णांकडं वळले. "ठरावाचं बुक आना. पडद्यावरची नावं काढावीत. सूचक मी. अनुमोदक?"

अण्णा जमिनीकडं बघायला लागले. दारातून चहाची किटली घेतलेले बब्रुवानमामा म्हणाले, "म्या हाय की, साहेब."

"अरं, तू सभासद तरी हाईस का?" अण्णा ओरडले.

साहेब हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. "जागा मोकळी ठेवा, गुरुवारी भरू," ते म्हणाले. "आन् त्याच ठरावात लिहा, पंचशीलाबाई कायम."

बाहेर गाड्या जुंपल्या जात होत्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. सात वाजायला अजून पंधरा मिनिटं होती. मामांनी मला पहिला कप दिला. मी तो अण्णांपुढं ठेवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला.